ओरमोनच्या वोल्गाची बॅटरी

आमच्या नारीन गावात कालिपाच्या तोंडी लागायचं नाही, हे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. उभा जन्म तिनं सरकारी बेकरीत भट्टीपुढे काढला आणि तिथली आच जिभेत उतरली ती उतरलीच. पाव करपला म्हणणाऱ्याला ती म्हणायची, "तुझं थोबाड बघून करपला." पोटी मूल नाही, जिभेला हाड नाही. पण हे झालं वरवरचं. खरं हाडवैर तिचं एकाशीच, भिंतीपलीकडे राहणाऱ्या धाकट्या दिराशी, बोरुबायशी.

आमच्यात सून दिराचं नाव घेत नाही. लग्न होऊन आली की सासरच्या प्रत्येकाला ती आपलं एक नाव ठेवते. कालिपा नवरी होऊन आली तेव्हा बोरुबाय शेंबडा पोरगा होता, डोक्यावर मेंढीसारखे केस. तिनं त्याला 'कुरळ्या' नाव ठेवलं. पुढे वीस वर्षांपूर्वी तिनं ते मोडीत काढलं आणि दुसरं ठेवलं: चोर. हाकही तशीच मारायची, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

झालं होतं असं. जानेवारी महिना, हाडं फोडणारी थंडी. अशा दिवसांत आमच्याकडे गाडीवाला माणूस संध्याकाळी इंजिनातलं पाणी सोडून देतो आणि बॅटरी काढून घरात चुलीपाशी आणून ठेवतो. बॅटरी गारठली की गाडी ढिम्म हलत नाही. कालिपाचा नवरा ओरमोन हे कधी चुकवायचा नाही. त्याची वोल्गा मोटार, पांढरीशुभ्र, बॉनेटवर उडी मारणारं धातूचं हरीण. बायकोपेक्षा तिलाच जास्त पुसतो असं लोक म्हणायचे. त्या आठवड्यात कालिपाचं आणि जावेचं भिंतीवरून कडाक्याचं भांडण झालेलं. "आपल्या घरातली काडी जरी त्या घरात गेली, तर बघा! हे घर सोडून जाईन," असा दम तिनं नवऱ्याला भरला होता. ओरमोन बिचारा भांडणाला भिणारा. हो म्हणाला.

त्या संध्याकाळी तो बॅटरी न घेताच घरात आला. "कंबर धरलीय, राहू दे आज गाडीतच," म्हणाला आणि पडला. मध्यरात्री त्याच्या छातीत कळ आली. कालिपानं त्याच्या पट्ट्याची किल्ली ओढून काढली, अनवाणी गॅरेजकडे धावली, कुलूप उघडलं, बॉनेट उचललं. बॅटरी नाही! बोरुबायचं दार बडवलं, तर घरात चिटपाखरू नाही. त्याच्या बायकोला कळा सुटल्या होत्या, जीप घेऊन तो दवाखान्यात गेलेला. शेजारी जागे होऊन घोडा जुंपेपर्यंत ओरमोन गेला. सकाळी बोरुबाय परत आला तो मुलगी झाल्याची बातमी घेऊन, आणि त्याच्या जीपमध्ये ओरमोनची बॅटरी निघाली.

मयतीला जमलेल्या माणसांसमोर कालिपानं त्याची गचांडी धरली. तो ना हो म्हणाला, ना नाही. तिनं गॅरेजला कुलूप घातलं, किल्ली नदीत भिरकावली आणि जाहीर केलं, "ह्या पोरीच्या पायगुणानं माझा माणूस गेला."

त्या पोरीचं नाव नुरपेरी. वीस वर्षं तिनं हे वाक्य ऐकलं. आणि ह्या शरदात, लग्न तोंडावर आलं असताना, ती कालिपाच्या दारात येऊन उभी राहिली.

"मोठीआई, मला मोठ्या बाबांच्या वोल्गातून सासरी जायचंय."

"चल फूट इथून! बापाला जीप आहे की, चोरीच्या बॅटरीवर चालते ती."

"घरातली सगळ्यात मोठी तुम्ही. तुमच्या आशीर्वादाशिवाय, त्या गाडीशिवाय गेले, तर जन्मभर मी पांढऱ्या पायाचीच राहणार. सासरी आत्तापासून कुजबुज सुरू झालीय."

कालिपा तिच्याकडे बघत राहिली. पोरगी रडत नव्हती, हटत नव्हती. ते कालिपाला मनातून बरं वाटलं आणि म्हणूनच जास्त राग आला.

"गाडी मिळेल. आशीर्वादही देईन. तुझ्या बापानं वऱ्हाडासमोर म्हणायचं, बॅटरी मी चोरली. तेवढंच. जा, सांग त्या चोराला."

दुसऱ्या दिवशी बोरुबाय करवत घेऊन हजर. डोक्याचा पार तुळतुळीत गोटा झालेला.

"आधी गाडी चालू होते का ते बघू," तो म्हणाला. "मग बोलू."

"कुलूप कशाला कापतोस? काढ की तुझी दुसरी किल्ली!"

"किल्ली एकच होती, वहिनी."

"हो का? मग त्या रात्री तू भिंतीतून आत गेलास?"

तो करवत चालवत राहिला.

आत वोल्गा जमिनीला टेकली होती, चारी टायर बसलेले. उंदरांनी वायरी फस्त केल्या होत्या आणि एअर फिल्टरमध्ये त्यांचं घर. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता. इंजिन असं जाम, की हँडल घालून बोरुबाय त्याच्यावर उभा राहिला तरी तसूभर फिरेना. त्यानं प्लगच्या भोकांतून डिझेल ओतलं आणि मुरत ठेवलं. रोज येऊन हँडलला झटका द्यायचा. कालिपा दारात स्टूल टाकून बसायची. चहा स्वतःपुरता.

"जोर लाव की! चोरी करताना बरा जोर होता."

"तुमची जीभ ओतायला हवी होती इंजिनात. केव्हाच सुटलं असतं."

"हरणाला हात लावू नकोस!"

"धूळ पुसतोय."

"मी पुसीन."

असं चाललं होतं. गल्लीतली माणसं भिंतीआडून ऐकायची आणि आता कोण कोणाला हँडल हाणतो म्हणून वाट बघायची. एका दुपारी हँडल सरकलं. बोरुबायच्या तोंडून एकदम "दादा!" निघालं. कालिपा उठून घरात गेली आणि तिनं धाडकन दार लावून घेतलं. नंतर त्यानं कार्बोरेटर खोलून धुतला, नव्या वायरी ओढल्या, टायर मागवले, स्वतःच्या जीपची बॅटरी काढून वोल्गात बसवली. लग्नाच्या आदल्या दिवशी वोल्गा खोकली, काळा धूर ओकली आणि चालू झाली.

लग्नाच्या दिवशी फाटकापाशी वऱ्हाड जमलं. नुरपेरी मागच्या सीटवर, डोक्यावर पांढरी ओढणी. बोरुबाय स्टिअरिंगवर, इंजिन चालू. कालिपा फाटकात आडवी उभी.

"बोल."

बोरुबाय खाली उतरला. डोक्यावरची टोपी काढली. सगळ्या गावासमोर, जावयाच्या माणसांसमोर, मान खाली घालून म्हणाला, "माझ्या भावाची बॅटरी मी चोरली."

मागे नुरपेरीनं तोंडावर हात घेतला. वऱ्हाडी एकमेकांकडे बघू लागले. कालिपा जिंकली होती. हाच क्षण तिनं वीस वर्षं घोळवला होता, आणि आता घास घशाखाली उतरेना. जिंकूनही तिला आणखी हवं होतं.

"चोरलीस कशी, तेही सांग! कुलूप कसं उघडलंस?"

बोरुबाय टोपी हातात फिरवत राहिला.

"बोल ना! किल्ली एकच होती म्हणतोस. ती तर त्याच्या पट्ट्याला..."

आणि ती थांबली. किल्ली तिनं स्वतः ओढून काढली होती. कुलूप लावलेलं होतं, तिनं स्वतः उघडलं होतं. कंबर? ओरमोनची कंबर आयुष्यात कधी दुखली नव्हती.

ती पुढे आली, बोरुबायला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "त्यानं दिली."

"माझी बॅटरी गारठलेली, जीप हलेना. दादा म्हणाला, तिला कळू देऊ नको, घर सोडून जाईल. उजाडायच्या आत आणून दे, मी बसवीन."

"आणि तू वीस वर्षं..."

"तुमची दया आली म्हणून नाही," तो दातओठ खात म्हणाला. "तुम्ही माझ्या पोरीला जे बोललात ते मी मेलो तरी विसरणार नाही. दादानं शपथ घातली होती, म्हणून. आता सरका. पोरीला उशीर होतोय."

कालिपा सरकली नाही. मागच्या दाराशी गेली, खिडकीतून दोन्ही हात आत घातले, नुरपेरीचं डोकं धरलं आणि आशीर्वाद दिला, मोठ्यानं, शेवटच्या वऱ्हाड्याला ऐकू जाईल असा. मग वळून वऱ्हाडाला म्हणाली, "हा खोटं बोलला. बॅटरी माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं दिली होती. माझ्या धाकानं लपवून दिली. कानात तेल घालून ऐका, पुन्हा सांगायची नाही. आणि माझ्या पोरीच्या पायाबद्दल कोणी ब्र काढला तर माझ्याशी गाठ आहे."

बोरुबाय टोपी हातात धरून तसाच उभा.

"बघतोस काय? बस गाडीत. पोचवून ये तिला," कालिपा खेकसली. फाटकाचं दुसरं दार तिनं स्वतः ढकलून उघडलं. गाडी शेजारून निघाली तेव्हा हरणावर तिनं ओझरता हात फिरवला.

"आणि थंडी पडायला लागलीय, कुरळ्या. रात्री बॅटरी माझ्या चुलीपाशी आणून ठेव."