घे तुझी छत्री

हळूमावशीचं खरं नाव कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं लायब्ररीच्या काउंटरमागे बसून ती एकच शब्द बोलत आली होती, "हळू!" आणि तोही इतक्या जोरात, की खिडकीतली कबुतरं फडफडत उडायची.

अशा बाईच्या टेबलावर प्राचार्यांनी सोमवारी एक कागद ठेवला. इंग्रजीतले एकतीस शब्द, सगळे एकाच गोष्टीचे. आत्महत्येचे.

"कॉलेजच्या कॉम्प्युटरवर नवी सोय करतोय," ते म्हणाले. "मुलांनी यातलं काही टाइप केलं की समुपदेशक मॅडमना लगेच कळणार. पण आपली मुलं काय इंग्रजीत रडतात होय? तुम्ही मराठी शब्द काढून द्या. शुक्रवारपर्यंत."

"मी?"

"कोश तुमच्याकडेच आहेत ना!"

मावशीनं पदर खोचला आणि सातही कोश खाली उतरवले. आत्मघात. प्राणत्याग. देहत्याग. जीवन संपवणे. टोकाचं पाऊल उचलणे. एका इंग्रजी शब्दापुढे तर 'जुना, कायद्यातला' असं छापलेलं, त्याला काही केल्या मराठी मिळेना, तेव्हा तिनं वैतागून पेन आपटलं आणि स्वतःलाच दटावलं, "हळू!"

गुरुवारी दुपारी तेविसावा शब्द लिहिला, 'जीव देणे', आणि हात थांबला. कोशात त्याच पानावर, अगदी खेटून, जीव लावणे, जीव टाकणे, जीव ओतणे. एकाच जिवाचं सगळं.

तिला दादा आठवला. तिचा मोठा भाऊ. ती बावीस वर्षांची होती तेव्हा. दादानं या तेवीसमधला एकही शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. तो फक्त दारात उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "घे तुझी छत्री." त्यानं नेलेल्या त्या छत्रीसाठी तिनं दोन महिने त्याचं डोकं खाल्लं होतं. "आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा?" असं ती म्हणाली. तो हसला. दुसऱ्या दिवशी दादा नव्हता. घरात सगळे नुसतं "दादा गेला" म्हणायचे, जसा काही गावाला गेला.

तेवढ्यात काउंटरवर धप्पकन पुस्तकं पडली.

चष्मेवाली! शेवटच्या वर्षाची. या पोरीनं तीन वर्षांत एक पुस्तक वेळेवर दिलं असेल तर शपथ. सहाशे पानांचं पुस्तक घेऊन महिनाभर "मावशी, दोनच पानं राहिलीत हो" म्हणणारी. आज पाचही पुस्तकं, आणि वर एक सहावं.

"अगं, हे तर हरवलं होतं ना? देवाची शपथ घेतली होतीस!"

"सापडलं." तिनं लायब्ररीचं कार्डही पुढे सरकवलं. "हेही ठेवा. आता नाही लागणार."

"का, कॉलेज सोडतेयस?"

"नाही हो. कुणाचं काही आपल्याकडे राहायला नको, बस." आणि हसली. "तुम्ही फार चांगल्या आहात बरं का, मावशी."

तेच हसू. छत्रीवालं.

आणि आपलं चुकलं तर? पोरगी म्हणेल, म्हातारीला वेड लागलंय. कॉलेजभर खिदळतील. खिदळू देत! मावशी उठली आणि काउंटरच्या बाहेर आली. सव्वीस वर्षांत तिला कामाच्या वेळेत काउंटरबाहेर कुणी पाहिलंच नव्हतं. तिनं पोरीचे दोन्ही हात धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा खरंच हळू बोलली.

"बाळा, जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?"

असं. सरळ. ना आत्मघात, ना प्राणत्याग, ना टोकाचं पाऊल.

चष्मेवालीनं हात सोडवून घेतले नाहीत. "तुम्हाला... तुम्हाला कसं कळलं?" आणि असं रडू फुटलं म्हणता! अख्खी लायब्ररी माना वर करून बघायला लागली. कुणीतरी सवयीनं "श्शू" केलं, तर मावशी गर्रकन वळली, "गप बस रे!" आणि पोरीला म्हणाली, "रड. मोठ्यानं रड. लायब्ररी माझी आहे."

मग काउंटरवर 'बंद'ची पाटी लावून ती तिला हाताला धरून समुपदेशक मॅडमकडे घेऊन गेली आणि पोरीची आई येईपर्यंत, अडीच तास, तिचा हात सोडला नाही. पाणी प्यायलासुद्धा उठली नाही.

शुक्रवारी प्राचार्यांनी यादी वाचली. तेवीस शब्द, मोत्यासारख्या अक्षरात. आणि चोविसावा.

"'घे तुझी छत्री'? हे काय?"

"तोही त्याच अर्थाचा आहे, सर."

"अहो, पण हे मशीनला कसं कळणार?"

"नाहीच कळणार," मावशी म्हणाली. "तिथे माणूसच लागेल. विचारणारं."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. यादीवर सही केली. चोविसावा शब्द त्यांनी खोडला नाही.

पाच आठवड्यांनी चष्मेवाली आली. जरा वाळलेली, केस कापलेले. मॅडमकडे जाणं चालूच होतं. काउंटरशी घुटमळली.

"मावशी... माझं कार्ड?"

मावशीनं ड्रॉवर उघडला. सगळ्यात वरच होतं. पोरीनं लायब्ररीतलं सगळ्यात जाडजूड पुस्तक उचलून आणलं. मावशीनं पुढच्या महिन्याच्या तारखेचा शिक्का मारला, ठप्प!

"या वेळी वेळेवर आणीन हां. प्रॉमिस."

"खबरदार!" मावशी अशी ओरडली की कबुतरं उडाली. "खबरदार वेळेवर आणलंस तर!"