जगदेवच्या सलूनमधले कांदे

शेलूबाजारच्या चौकात सादिकचा फोटो स्टुडिओ होता. सारी हयात त्यानं आसपासच्या गावांतली लग्नं टिपण्यात घालवली. टाळेबंदी लागली आणि लग्नंच थांबली. स्टुडिओचं शटर कैक दिवस खाली राहिलं. मग एक दिवस कापडवाल्या रामकिसनशेठचा फोन आला, "साड्याईचे फोटो काढून दे बाप्पा. मोबाईलवर धाडतो. गिऱ्हाईक दुकानात येऊन नाई राह्यलं."

तिथून सादिक गळ्यात कॅमेरा अडकवून बाजारात हिंडू लागला. बँडवाला आंबे विकत होता, शिंपी मास्क शिवत होता. प्रत्येकाला एकच हवं होतं, आपलं बरं चाललंय असं फोटोत दिसावं. सादिक सवयीनं "हसा" म्हणायचा. मग समोरच्याचं तोंड झाकलेलं आहे हे ध्यानात येऊन गप्प व्हायचा. घरी आला की कॅमेरा बाजूला ठेवून भिंतीला टेकून बसून राहायचा. बायकोनं, उमेरानं, जेवायला हाक मारली तरी उठवत नसे.

जगदेव त्याचा जुना दोस्त. त्याच्या सलूनला बंदी होती, भाजीला नव्हती. त्यानं दाढीच्या खुर्च्यांवर कांदे आणि वांगी मांडली होती. "मास्क काढू का? चेहरा तर दिसू दे," तो म्हणाला.

"राहू दे. पोलीस फिरून राह्यले," सादिक म्हणाला आणि बटण दाबलं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. जगदेवला वाशीमला नेलं, तो परत आला नाही. तेराव्याच्या आधी त्याची बायको गोमतीबाई स्टुडिओत आली. "सादिकभाऊ, यायचा एखादा फोटो पाह्यजे. मोबाईलमध्ये साऱ्या पोरायचेच हायेत."

सादिकनं जुन्या लग्नांचे व्हिडिओ उपसले. एका हळदीत जगदेव नवरदेवाची दाढी करताना सापडला. त्यानं तेवढाच चेहरा कापून मोठा केला, तो धूसर झाला. गोमतीबाई बराच वेळ पाहत राहिली.

"हे कोन व्हय? मले वळखू नाई येत. तो कांद्यावाला द्या."

"वहिनी, त्यात मास्क हाये. मीच काढू नाई देला."

"असू द्या. डोये त्यायचेच हायेत."

सादिकनं तोच फोटो फ्रेम करून स्वतः नेऊन दिला. पैशाचं गोमतीबाईनं विचारलं, तर तो हात हलवून बाहेर पडला.

लग्नं पुन्हा सुरू झाली. सादिक जातो, नवरा-नवरीला उभं करतो, पण "हसा" आता त्याचा हाताखालचा माणूस म्हणतो. गोमतीबाईनं खुर्च्या विकून टाकल्या आणि त्या जागी फळ्या ठोकून भाजीचं दुकान मांडलं. परवा सादिकनं विचारलं, "वहिनी, फोटो काढू का दुकानाचा?"

"आता नोका काढू," मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती म्हणाली. "आज लय थकली मी. बसा तुमी, च्या सांगते."

सादिक बसला.