गाठोबांचं पार्सल

पोस्टाच्या मागच्या खोलीत पार्सलं बांधण्यातच त्यांची सगळी नोकरी गेली. खरं नाव पगारापुरतं. एरवी सगळे त्यांना गाठोबा म्हणत. हे बारसं तिकिटांच्या खिडकीवरच्या बाईंनी केलं होतं, आणि नाव इतकं चपखल बसलं, की बायकोसुद्धा चिडली की तेच वापरायची.

खोलीत एक लांब टेबल होतं आणि छताच्या हुकाला सुतळीचा गुंडा टांगलेला होता. त्याचं टोक गाठोबांच्या कानाजवळ लोंबत असे. ते न बघता हात वर करत, टोक खाली ओढत, दोन वेढे उभे, दोन आडवे, वेढ्याच्या पोटातून टोक काढून असा काही हिसका देत की गाठ कागदात रुतून बसायची. एखादं गिऱ्हाईक भीत भीत विचारायचं, की काका, हे उघडायचं कसं? गाठोबा दुसरं पार्सल ओढून घेत म्हणत, "ज्याला मिळेल तो बघेल." त्यात तुसडेपणा नव्हता. खरंच, बांधलेली वस्तू पुढे कुणीतरी सोडतही असेल, हा विचार त्यांच्या कामात कुठे येतच नव्हता.

घरीही तीच तऱ्हा. छत्री बांधलेली, रद्दी बांधलेली, पिठाच्या पिशवीचं तोंड असं आवळलेलं की पोळ्या करायला घ्यायच्या आधी बायकोला झटापट करावी लागे. शेवटी ती खिशात कात्री घेऊनच वावरू लागली. "तुम्ही बांधा हो खुशाल, मी आहे ना सोडायला," म्हणायची. ती गेली तेव्हा मुलगी घरी आली होती. जाताना आईच्या वस्तूंतून तिने फक्त ती कात्री मागून नेली.

मुलगी राहायची लांब, विमानानेच जावं लागे इतकी. आई गेल्यापासून गाठोबा तिच्याकडे एकदाही गेले नव्हते. कधी गुडघा, कधी घराला रंग, कधी नुसतंच "बघतो". मात्र दर नाताळला पार्सल बिनचूक जायचं. गेल्या वर्षीच्या पार्सलात नातीसाठी चिनीमातीचा खेळण्यातला टी-सेट होता. जावयाने आधी सुरी लावली, मग झाडं छाटायची कातर, आणि शेवटी इरेला पेटून करवत आणली. टी-सेट बाहेर आला, पण किटलीची चोच गेली.

या वर्षी मुलीने फोनवर हे सगळं पुन्हा सांगितलं, हसत हसतच. मग हसायची थांबली.

"या वेळी पार्सल नको, बाबा. तुम्ही या. आणि आईची मेणबत्तीदाणी आणा टेबलावर ठेवायला."

"बघतो."

"तिकीट काढलंय मी. नाही आलात, तर यापुढे बोलावणार नाही."

ती रागावून बोलली असती तर गाठोबांनी मनावर घेतलं नसतं. ती दूधवाल्याला उद्यापासून नको म्हणून सांगावं तशी बोलली होती.

विमानतळावर सोडायला तिकीटवाल्या बाई गाडी घेऊन आल्या. आता त्याही निवृत्त झाल्या होत्या, पण खिडकीतून बोलायची सवय गेली नव्हती. समोरच्याला रांगेत उभं असल्यासारखंच वाटे. भेटवस्तू एका पिशवीत नुसत्या ठेवा, तिथे उघडून बघतात, असं त्यांनी आदल्या दिवशी चारदा बजावलं होतं. गाठोबांनी चारही वेळा मान हलवली होती. आता ते घराच्या दारात उभे होते आणि काखेत खाकी कागदातला, सुतळीने जखडलेला चौकोनी ठोकळा होता. नाताळ म्हणून वर लाल रिबीन होती. तीही त्याच गाठीने बांधलेली.

"हे काय?"

"पिशवी."

"पिशवीला कोपरे नसतात, गाठोबा."

आत कपड्यांत गुंडाळलेली पितळी मेणबत्तीदाणी, जावयाचा मफलर आणि नातीसाठी एक लाकडी बदक होतं. विमानतळावर बॅगा घेणाऱ्या मुलीने पार्सल विमानाच्या पोटात पाठवू का म्हणून विचारलं, तर गाठोबांनी ते छातीशी धरलं. 'नाजूक' लिहिलेलं पार्सल किती लांब फेकतात हे त्यांना नीट ठाऊक होतं. पुष्कळशी त्यांनीच फेकली होती.

तपासणीच्या पट्ट्यावर पार्सल आत गेलं, थांबलं, मागे आलं, पुन्हा आत गेलं. पडद्यापाशी बसलेल्या बाईला सर्दी झाली होती. तिने नाक पुसत विचारलं, की यात हा जड दांडा कसला? गाठोबा म्हणाले, मेणबत्तीदाणीचा. मग उघडून दाखवा, ती म्हणाली.

गाठोबांनी पार्सल बाजूच्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. या बाजूने त्यांनी पार्सल कधी पाहिलंच नव्हतं. नखाने रिबिनीची गाठ कुरतडून पाहिली. सुतळीला थुंकी लावली. दात लावायला वाकले, पण मागे रांग होती, म्हणून पुन्हा सरळ झाले.

"कात्री मिळेल?"

बाईने शेजारचा प्लास्टिकचा खोका पायाने पुढे सरकवला. तो प्रवाशांकडून काढून घेतलेल्या कात्र्यांनी गच्च भरला होता.

"एवढ्या आहेत," ती म्हणाली. "पण यातली एक जरी तुमच्या हातात दिली, तर उद्यापासून मी घरी. आणि प्रवाशाचं सामान आम्ही कापायचं नाही, असा नियम आहे. बांधलं कुणी हे?"

"मीच."

"मग सोडा की."

तेवढ्यात त्यांच्या विमानाची घोषणा झाली. बाईने समजावलं, की तुम्हाला सोडायला आलेलं कुणी बाहेर असेल तर पार्सल दाराशी नेऊन देता येईल. नाहीतर ते इथेच राहील. तुम्ही मात्र जाऊ शकता.

गाठोबांना तिसरा मार्ग दिसला. पार्सल उचलायचं आणि घरी जायचं. मुलीला सांगता आलं असतं, की तपासणीवाल्यांनी सोडलं नाही, आणि ते खोटंही ठरलं नसतं. त्यांनी पार्सल काखेत घेतलंसुद्धा. नेहमीच्या जागी ते छान बसलं. मग त्यांनी तिकीटवाल्या बाईंना फोन लावला. त्या अजून बाहेर गाडीतच होत्या.

"या घ्यायला," गाठोबा म्हणाले. "उघडत नाहीये."

"पार्सल घ्यायला येते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला घ्यायला येणार नाही."

फोन बंद झाला. मग गाठोबांनी पार्सल सर्दीवाल्या बाईसमोर ठेवलं, रिबीन सरळ केली आणि निघाले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यांनी ते खिशात घातले.

पलीकडच्या विमानतळावर मुलीने आधी त्यांच्या काखेकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे.

"मेणबत्तीदाणी?"

"तिकडेच राहिली. बांधली होती."

त्यांच्या कोटाची वर गेलेली कॉलर मुलीने खाली केली आणि गाडीकडे चालू लागली. त्या नाताळला टेबलावरची मेणबत्ती चोच तुटलेल्या किटलीत उभी केली होती. ती जरा कलती उभी होती, पण शेवटपर्यंत जळली.

नाताळ होऊन गेल्यावर पोस्टमन पार्सल घेऊन आला. तिकीटवाल्या बाईंनी पाठवलं होतं, रिबिनीसकट. एकही कोपरा चेपला नव्हता. जावई गुपचूप करवत आणायला निघाला, तसा मुलीने त्याच्याकडे नुसता एक कटाक्ष टाकला आणि तो खुर्चीवर बसला. तिने स्वयंपाकघरातून आईची कात्री आणून बाबांसमोर ठेवली.

गाठोबांनी कात्री ओळखली. उचलली, उघडमीट करून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"नको. बघतो मी."

दुपार त्यातच गेली. नात समोर मांडी घालून बसली होती. एकेक गाठ सुटली की मोकळी झालेली सुतळी हातावर गुंडाळून घेत होती. गाठोबांचं एक नख अर्ध्यातून तुटलं. ते कुणी मोजलं नाही. उजेड कमी झाला तेव्हा मेणबत्तीदाणी टेबलावर आली होती, आणि नाताळ संपला होता तरी मुलीने तिच्यात मेणबत्ती लावली.

गाठोबांनी सुतळीसाठी हात पुढे केला. नातीने गुंडा पाठीमागे लपवला.

"दे इकडे. जाताना बॅग बांधायला लागेल."

"म्हणूनच देत नाही," नात म्हणाली.