वर टाका की खाली टाका: पंचाहत्तरीतले दत्ताभाऊ

दत्ताभाऊ सावंतांची आणि माझी पहिली भेट शिवडीला, भर रस्त्यात झाली. माझी सायकल पंक्चर झाली होती आणि मी तिला तोंडाला येईल ते बोलत होते. भाऊ थांबले, चाक काढलं आणि हळूच म्हणाले, "सायकल गुणी आहे हो, ताई. तिला एवढं लागेल असं बोलू नका." डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेले, विमा कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ कुणालाच दुखवत नाहीत, हे तेव्हाच लक्षात आलं.

आमचं सायकल मंडळ त्यांनीच जमवलं, आणि गेल्या वर्षी ते त्यांच्याच पायी फुटायला आलं. भाऊंच्या उजव्या तर्जनीला संधिवाताने धरलं. जुने गिअर पडेनात. माईंनी, म्हणजे सौ. सावंतांनी, जाहीर केलं, "एकदा जरी पडलात, तर सायकल भंगारात!" मंडळाने ठरवलं, पंचाहत्तरीनिमित्त भाऊंना नवे गिअर, म्हणजे हँडलवरचे खटके, द्यायचे. पण कुठल्या कंपनीचे? मी जपानी पक्षाची. आमचे निवृत्त इंजिनिअर प्रभू कट्टर अमेरिकन. माणूस हुशार आहे, पण हट्टी! महिनाभर आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

भाऊंनी निवाडा केला. गणपती मंडळात एका गल्लीला अध्यक्षपद आणि दुसरीला खजिनदारपद देतात, तसा. उजव्या हाताला, मागच्या चाकासाठी, जपानी; डाव्या हाताला, पेडलजवळच्या चक्रासाठी, अमेरिकन! "दोघांचाही मान राहिला," म्हणाले. दुकानदाराने कपाळाला हात लावला आणि बसवून दिलं.

रविवारी परळच्या पुलाचा चढ लागला. मी ओरडले, "भाऊ, वर टाका!" मागच्या चाकाच्या मोठ्या चक्रावर चेन चढली की गिअर हलका होतो, म्हणून मी वर म्हणते. त्याच क्षणी प्रभू गरजले, "भाऊ, खाली टाका!" मोटार चालवणाऱ्यांच्या भाषेत हलका गिअर तो खालचा. म्हणणं दोघांचं एकच, पण ऐकून कोण घेतंय! भाऊंनी दोघांचाही शब्द राखला. एका हाताने वर टाकला, दुसऱ्या हाताने खाली. खडाड् करून चेन उतरली आणि भाऊ कठड्यावर गेले. "पडलो नाही, नुसता टेकलोय," ते म्हणाले. "हिला सांगू नका."

सांगायला कशाला लागतंय? फाटलेली बाही माईंना दिसली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः दुकानात हजर. दोन्ही कंपन्यांचे गिअर पुढ्यात ठेवायला लावले. "हं, दाबा."

भाऊंनी जपानी दाबला. "छान आहे."

अमेरिकन दाबला. "हाही छानच आहे."

"खोटं!" माई कडाडल्या. "पहिल्याला डोळा मिटलात. लग्न झाल्यापासून बघतेय. दुखलं की तोंडातून शब्द नाही, नुसता डोळा मिटतो."

जपानी गिअरला अंगठा आणि तर्जनी दोन्ही लागत होती, अमेरिकनचं काम एकट्या अंगठ्यावर भागत होतं. वजन, दाते, किंमत यांवर आम्ही घसा कोरडा केला होता. भाऊंच्या बोटाकडे कुणी बघितलंच नव्हतं. दोन्ही हातांना अमेरिकन बसले. प्रभू अजून मिरवतात. मिरवू देत मेले! भाऊ रोज सायकलवर दिसतात, मला तेवढं पुरे.

भाऊ, तुम्ही शंभरी ओलांडा, तीही पेडल मारत. हातपाय तुम्हाला साथ देवोत, माई तुमच्याजवळ असोत. आणि माई नसतील तिथे कुठे दुखलं, तर एकदा तरी तोंडाने सांगा हो. आम्हाला तुमचा डोळा वाचता येत नाही.