लपवलेली विळी

माझ्या मोठ्या जाऊबाईंची आई वारली. त्यानंतर त्यांची झोप उडाली, मग बोलणं बंद झालं. एक दिवस त्या हातात विळा घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि ओरडू लागल्या. समोर कोणीच नव्हतं.

कोणाला लागलं नाही. पण सासूबाईंनी घरातली विळी, विळा, कात्री, भासऱ्यांचं, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याचं, दाढीचं ब्लेडसुद्धा गोणपाटात बांधून शेजारच्या चाचींकडे ठेवलं. भाजी चिरायला मी चाचींच्या ओसरीवर जाऊ लागले. "आज भी भेंडी?" त्या मोठ्याने विचारायच्या. अख्ख्या गल्लीला आमची भाजी कळायची. मला इतकी लाज वाटे, की पुढे महिनाभर मी वरण आणि बेसनच केलं.

भासऱ्यांना कोणीतरी एका बाबाचं ठिकाण सांगितलं होतं. तिथे माणसाला साखळीने बांधून ठेवत. भासरे थकले होते. म्हणाले, "दिग्रसले मनाचा डॉक्टर येऊन राह्यला म्हणते. एकदा दाखवू. नाही जमलं तर सोमवारी त्या बाबाकडं नेऊन सोडतो."

आमच्या भागात असा डॉक्टर पहिल्यांदाच येत होता. औषधांच्या दुकानावर त्यांची खोली होती. जिन्यावर जो भेटला त्याने आपण दात दाखवायला आलो असंच सांगितलं. आम्हीही तेच सांगितलं.

जाऊबाई पळून जाऊ नयेत म्हणून त्यांचं मनगट ओढणीने माझ्या मनगटाला बांधलं होतं. डॉक्टरांनी आधी ती गाठ सोडायला लावली. म्हणाले, "आता दोघीही सुटल्या. बसा." मग जाऊबाईंनाच विचारलं, "ताई, काल काय जेवलात?"

भासरेच म्हणाले, "सगळं खाते जी. काही कमी नाही."

भासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण सोमवार जवळ आला होता. पदराआडून म्हटलं, "बेसन."

"रोज?"

"रोज. विळी चाचीकडे आहे."

मग सगळंच सांगून टाकलं, सोमवारच्या साखळीपासून चाचींच्या 'आज भी भेंडी?'पर्यंत. डॉक्टर खळखळून हसले. भासरेही खाली मान घालून हसले.

"साखळीने कोणी बरं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "यांना कुठे सोडायचं नाही. गोळ्या द्या. झोप येऊ लागली की मी सांगेन तेव्हा विळी घरी आणा. तुम्ही शेजारी बसा आणि भाजी यांना चिरू द्या. घरच्या बाईला पाहुणीसारखं बसवून ठेवलं तर ती कशी बोलेल?"

भासऱ्यांनी मान हलवली. परतताना बसमध्ये ओढणी माझ्या पिशवीत होती.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विळी आणायला सांगितली. चाची स्वतः घेऊन आल्या, धार लावून. सासूबाई दाराशी बसल्या, एक पाय उंबऱ्याबाहेर. मी एक वांगं चिरून दाखवलं आणि विळी जाऊबाईंकडे सरकवली. त्यांनी माझ्या फोडी उचलून पाहिल्या.

"काय वं, बैलाले टाकाच्या हायेत का ह्या?"

मी हसावं की रडावं, मला समजेना. त्या एकसारख्या फोडी करत राहिल्या. मग मान वर करून सासूबाईंना म्हणाल्या, "मामी, इतक्या लांब काहून बसल्या? या, लसूण सोला."

सासूबाई पदर सावरत आत आल्या आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून लसूण सोलू लागल्या.