मागच्या सीटवरची पर्स

“सर, तुमच्या कॉलेजातून पाच अर्ज आलेत. पाचही मुलांची आजी एकाच आजाराने गेलीय. साताऱ्यात काही साथ आली होती का?”

फोन मुंबईहून होता, तिथल्या प्रवेशाचं काम बघणाऱ्या मॅडमचा. बाहेरगावचे फोन तेव्हा प्राचार्यांच्या केबिनमध्येच यायचे. प्राचार्य समोर पेपर वाचत होते, म्हणजे पेपर धरून दोन्हीकडचं बोलणं ऐकत होते; लाइनवरचा आवाज खोलीभर जायचा.

“साथ नाही मॅडम,” मी म्हणालो. “मी फळ्यावर लिहून दिलं होतं.”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचो. नातेवाइकांच्या मते मी वेड्यांचा मास्तर होतो, त्यामुळे लग्नकार्यात लोक माझ्याशी जरा जपून बोलत. त्या वर्षी आमची पाच मुलं पहिल्यांदाच मुंबईच्या एका संस्थेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम. ए.साठी अर्ज करत होती. क्लिनिकल म्हणजे पुस्तकातलं मन सोडून समोर बसलेल्या माणसाचं मन बघायचं. अर्जात एक कोरं पान होतं. वर लिहिलं होतं, ‘पर्सनल स्टेटमेंट’. तुम्हाला हा विषय का शिकायचाय, ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. मार्कलिस्टवरून पाठांतर कळतं, या पानावरून माणूस कळावा अशी अपेक्षा.

मुलं घाबरली. आमच्याकडे स्वतःबद्दल चांगलं बोलायचं नाही असं लहानपणापासून शिकवतात आणि वाईट बोलायला कोणी विचारत नाही. म्हणून मी फळ्यावर एक नमुना लिहिला. त्यात एक दुःखी आजी घातली, तिचं मन घरात कुणालाच कळलं नाही आणि त्या आजारातच ती गेली असं लिहिलं. माझी खरी आजी शेवटपर्यंत ठणठणीत होती, दुःखी असायचे ते घरातले बाकीचे. पण इंग्रजीत आजी शोभून दिसली. पाचही जणांनी ती जशीच्या तशी उतरवून घेतली.

“अर्ज परत पाठवतेय,” मॅडम म्हणाल्या. “पुन्हा लिहायला सांगा. आणि सर, या वेळी आजीला सोडा.”

चौघांचं आठवड्यात जमलं. अडला तो विलास. विलास वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा, महाबळेश्वरचा, हॉस्टेलवर राहायचा. त्याचं नवं स्टेटमेंट म्हणजे वक्तृत्व स्पर्धेतलं भाषण होतं. ‘लहानपणापासून मला मानवी मनाची ओढ आहे’ वगैरे.

“लहानपणापासून म्हणजे काय? चौथीत असताना काय बघितलंस?”

“काही नाही सर.”

“सुट्टीत काय करतोस?”

“काही नाही सर.”

“बरं, रविवारी घरी ये. बसून लिहू.”

“रविवारी जमणार नाही सर. सीझन आहे.” आणि त्याने जीभ चावली.

मग हळूहळू बाहेर आलं. वडील महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचे. डोळे अधू झाल्यामुळे गेले दोन सीझन विलासच गाडी चालवत होता. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, यंदा प्रवेश मिळाला तर जा. नाही मिळाला तर सीझन संपला की परमिट तुझ्या नावावर. एकदा परमिट नावावर झालं की एम. ए. संपलं, हे दोघांनाही माहीत होतं. अर्जात वडिलांच्या धंद्यापुढे त्याने ‘बिझनेस’ लिहिलं होतं.

मी ठरवलं, रविवारी आपणच जायचं. सुमनला म्हणालो, “चल, तुला महाबळेश्वर दाखवतो.” सुमन म्हणजे माझी पत्नी. माहेर सांगलीचं. लग्नानंतर आम्ही साताऱ्यात इतकी वर्षं राहिलो, पण मी तिला महाबळेश्वर दाखवलं नव्हतं. ती खूश होऊन नवी साडी नेसली. मी पिशवीत परीक्षेचे पेपरही टाकले. वाटेत वेळ जातो.

टॅक्सी स्टँडवर विलास अवघडून उभा होता. मी सांगितलं, “तू आम्हाला ओळखत नाहीस. नेहमीच्या गिऱ्हाइकासारखं फिरव.” सुमनने माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे हे कॉलेजचं काम आहे होय?”

“तसं काही नाही.”

पहिल्या पॉइंटला मी पिशवीतून पेपर काढले, तेव्हा तसं आहे हे तिला कळलं. ती एकटीच कठड्यापर्यंत जाऊन आली. दुसऱ्या पॉइंटला मी म्हणालो, “तू बघून ये. एक दरी बघितली की सगळ्या बघितल्यासारख्या.” तिसऱ्या पॉइंटहून ती आली आणि म्हणाली, “ढग अगदी पायाशी आला होता. तुमच्या पेपरात आलाय का?”

“नाही.”

“मग त्या मुलाला नापास करा.”

सांगलीच्या माणसाला भांडताना आवाज चढवावा लागत नाही. शेवटच्या पॉइंटपाशी मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. खाली उतरलो, भाजलेलं कणीस घेतलं, लिंबू-तिखट चोळून खिडकीतून तिच्या हातात दिलं. तिने घेतलं. पुढून विलास दबक्या आवाजात म्हणाला, “सर, मिटलं.”

“काय मिटलं?”

सुमन कणीस घेऊन कठड्याकडे गेल्यावर तो बोलला. “आरशात दिसतं सर. नवीन जोडपं निघतं तेव्हा पर्स बाईंच्या मांडीवर असते. काहीतरी बिनसलं की पर्स दोघांच्या मधे येते. बोलणं गोड असलं तरी पर्स मधेच. मिटलं की ती खाली पायापाशी जाते. मॅडमची दुसऱ्या पॉइंटला मधे आली होती. आत्ता खाली गेली.”

मी पंधरा वर्षं मुलांना निरीक्षण ही पद्धत शिकवत होतो. माझ्या शेजारची पर्स मला दिसली नव्हती.

“हेच लिही,” मी म्हणालो.

“टॅक्सीचं? हसतील सर.”

“पाच आज्यांना हसून झालंय. आता टॅक्सीला हसू देत.”

स्टँडवर परतल्यावर त्याच्या वडिलांनी मोडता घातला. बबनराव जाड भिंगांतून माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, “आवं सर, न्हाई जमायचं. मागच्या शीटवरचं स्टँडवर बोलायचं न्हाई, हा धंद्याचा कायदा हाय. लय जोडपी बघितली, बायकोला सुदिक सांगितलं न्हाई.”

याला आमच्या विषयात ‘कॉन्फिडेन्शियॅलिटी’ म्हणतात. समोरच्याने तुमच्यापुढे जे उघडं केलं ते तुमच्यापाशीच ठेवायचं. पहिल्या धड्यात असतं. बबनरावांचं बरोबर होतं आणि विलासचं तोंड उतरलं. लिहावं तर धंद्याचा कायदा मोडतो, न लिहावं तर परमिट.

“मग आमचं लिही,” मी म्हणालो. “नाव घालू नकोस. माझी परवानगी आहे.”

“बाईस्नी इचारलं का?” बबनराव म्हणाले.

सुमन पलीकडे स्ट्रॉबेरीची पेटी निवडत होती. “विचारलं म्हणून समजा,” मी म्हणालो.

बबनरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते घाटात चुकीच्या बाजूने येणाऱ्या गाडीकडे बघत असतील. पण मुलाकडे पाहून गप्प बसले. विलासने लिहिलं. टॅक्सी, आरसा, पर्स आणि डोंगरावर पेपर तपासणारे एक प्राध्यापक. वडिलांचा कायदाही लिहिला आणि ‘बिझनेस’ खोडून ‘टॅक्सी ड्रायव्हर’ केलं. मी फक्त स्पेलिंग बघितलं.

जूनमध्ये मॅडमचा पुन्हा फोन आला. प्राचार्यांनी पेपर उघडला.

“विलासला घेतलं. इंटरव्ह्यूत आम्ही विचारलं, हे प्राध्यापक कोण? म्हणाला, सांगता येणार नाही. पुन्हा विचारलं, जरा दटावून विचारलं. म्हणाला, प्रवेश नाही दिलात तरी चालेल. तिथेच ठरलं आमचं.” मग म्हणाल्या, “सर, हल्ली पेपर कुठे तपासता?”

प्राचार्यांचा पेपर हलायला लागला.

परमिट पुढे विलासच्या चुलतभावाच्या नावावर गेलं. मी तेव्हापासून मुलांना नमुना देत नाही आणि द्यायचाच झाला तर त्यात नातेवाईक घालत नाही.

प्राचार्यांना कळलं म्हटल्यावर त्याच रात्री सुमनला सांगणं भाग होतं. जेवताना सांगितलं. पर्सचं सगळं सांगितलं, तिला न विचारता परवानगी दिली तेही सांगितलं. ऐकता ऐकता तिने मला आमटी वाढली.

“पोरगा हुशार आहे,” ती म्हणाली. “पण त्याला कळवा, शेवटचं चुकलंय. कणसाला दोन हात लागतात म्हणून उतरताना पर्स गाडीतच खाली ठेवली होती. राग अजून आहे.”