बांधावरची गाडी

आमच्याकडे डिझेलची एक पिकअप आहे. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. तिचा रंग पांढरा असल्याचं कागदपत्रांत लिहिलंय, म्हणून मीही पांढराच म्हणते. खाडीच्या वाऱ्यानं पत्रा इतका खाल्लाय की गाडी धुताना हात जपून फिरवावा लागतो. पावसाळ्याआधी आमचे हे तिच्याखाली आडवे होऊन चासीला जुनं ऑइल फासायचे आणि त्याच कपड्यांनी येऊन माझ्या धुतलेल्या पलंगपोसावर बसायचे. त्यावरून दर वर्षी भांडण ठरलेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी मला स्वतःहून गजरा आणल्याचं आठवत नाही. गाडीला मात्र दर दसऱ्याला झेंडूचा हार, तोही माझ्याकडून ओवून घेतलेला.

आमचं गाव जासईच्या पुढे, उरणच्या वाटेवर. शेती होती ती प्रकल्पात गेली. भाताच्या जागी आता गोदामं आणि कंटेनर यार्ड आहेत, आणि रस्त्यावर दिवसभर ट्रेलर. मी बेलापूरला एका कचेरीत कारकून होते, हे बंदरात क्रेनवर. दोघंही रिटायर झालो तेव्हा हातात उरली ती खाडीकाठची वाडी: आंबे, नारळ, वालाचा तुकडा, दोन म्हशी आणि एक लहानसं तळं, ज्यात आम्ही जिताडे मासे वाढवतो. वाडी आणि खाडी यांच्या मधे मातीचा बांध आहे. तो फुटला तर खारं पाणी आत येतं आणि मग काही वर्षं तिथं गवतसुद्धा नीट उगवत नाही.

ही पिकअप वाडीसाठी घेतलेली. पेंड, गवत, पाण्याचे ड्रम, शेणखत, नारळाची रोपं सगळं हौद्यात. शिवाय गावात कुणाची हळद असली की मोठे टोप आणायला आमचीच गाडी. द्रोणागिरीत फ्लॅट घेतलेल्या नातेवाइकांना एरवी आमची आठवण येत नाही, पण कपाट हलवायचं म्हटलं की बरोबर येते. ‘भाड्याचा टेम्पो कशाला, आपली गाडी आहे ना!’ मी तोंडावर बोलून दाखवायचे. हे मला गप्प बसवायचे आणि हसत चावी घेऊन निघायचे. चाललंय ते त्यांना मनापासून आवडायचं. जमीन गेली, नोकरी संपली, पण सकाळी उठून गाडीत बसायचं होतं, म्हणून हा माणूस सकाळी उठत होता.

गाडीला मला हात लावू देत नसत. माझी स्वतःची लहान पेट्रोलची गाडी मी बेलापूरपर्यंत रोज चालवत होते, पण पिकअपजवळ गेले की, “तुला नाय जमायची, डिझेल हाय ती.” जणू डिझेल म्हणजे संस्कृत.

मग हे विसरायला लागले. आधी चष्मा, पाकीट, शेजाऱ्याचं नाव. मी हसण्यावारी नेलं, कारण त्यात मीही काही कमी नव्हते. पण एकदा उरणच्या बाजारातून मासळी घेऊन येताना गाडी भर रस्त्यात बंद पडली. टाकी कोरडी. डिझेल पार संपवलं की लाइनमध्ये हवा धरते, मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही, हे गावातल्या प्रत्येक पोराला यांनीच ऐकवलेलं. मागे ट्रेलर भोंगे मारत होते. यांनी कुणाकडून तरी कॅनमध्ये डिझेल मागवलं, बॉनेट उघडलं आणि इंजिनाशेजारचा छोटा हातपंप मारून मारून सगळी हवा काढली. हात जराही अडखळले नाहीत. गाडी सुरू झाली तेव्हा मला हायसं वाटलं. पुढे आमच्या गावाचा फाटा आला आणि हे सरळ पुढे निघाले.

“अहो, कुठं?”

“घरी.”

मी फाटा मागे राहिल्याचं सांगितलं. त्यांनी गाडी वळवली. घरी येऊन मी मासळी साफ करायला बसले.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, विस्मरणाची सुरुवात आहे, गाडी चालवणं आता थांबवलेलं बरं. खारघरहून मुलीचा रोज फोन. “आई, चावी काढून घे. ट्रेलरखाली कुणी आलं तर?” तिचं बरोबर होतं. रस्ता मी रोज बघत होते. पण चावी काढून घेतली की हा माणूस टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसेल आणि तिथून उठणार नाही, हेही मला स्वच्छ दिसत होतं. मुलीला सोपं होतं, तिला फोन ठेवता येत होता. मी ‘बघते’ म्हणायचे आणि यांच्या शेजारी केबिनमध्ये जाऊन बसायचे. कुठंही निघाले की मी बरोबर. गावातल्या बायका चिडवायच्या, म्हातारपणी काय हा लळा! मी म्हणायचे, आता वेळ मिळालाय तर फिरते.

त्याच वर्षी थंडीत बांधाला एके ठिकाणी चीर गेली. माती आतून पोकळ झाली होती, पुढच्या मोठ्या भरतीला तिथं खांड, म्हणजे भगदाड, पडणार हे दिसत होतं. बांधाच्या कामाला आमच्याकडे घरटी एक माणूस द्यायचा असतो. मजुरी नाही, दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र. ज्यांची जमीन केव्हाच गेली तेही येतात, कारण न आलेल्या घराचं नाव वर्षभर निघतं. दिवस ठरवायला सगळे देवळासमोर जमले. पूर्वी हा दिवस तिथी बघूनच ठरायचा. पौर्णिमा-अमावास्येला खाडीला उधाण असतं, तेव्हा बांधाला कुणी हात लावत नाही. अष्टमीच्या आसपास पाणी मंद असतं, त्याला भांग म्हणतात, काम तेव्हा. पण आता निम्मं गाव गोदामात पाळीवर जातं. कुणीतरी म्हणालं, रविवारी सगळ्यांना सुट्टी आहे.

सगळ्यांनी यांच्याकडे बघितलं. भरतीचा हिशेब आमच्या सासऱ्यांपासून आमच्याच घरात. पाणी कधी चढणार हे गाव यांना विचारायचं.

“ठेवा रविवार,” हे म्हणाले.

झालं, ठरलं. तो रविवार पौर्णिमेचा होता. कॅलेंडर प्रत्येकाच्या भिंतीवर होतं, माझ्या तर स्वयंपाकघरात, दुधाच्या रतिबाच्या खुणांसकट. सगळ्यांनी लाल अक्षर बघितलं, त्याच चौकोनातली पौर्णिमा कुणीच बघितली नाही. पिढ्यान्‌पिढ्या खाडीच्या काठावर काढलेल्या माणसांनी सुट्टी बघून बांध बांधायला घेतला.

सकाळी पाणी लांब गेलेलं होतं, चिखल उन्हात चकाकत होता. कामाला दिवस छान मिळाला असंच वाटलं. हे मुरमाच्या गोणी भरून गाडी बांधावरून उलटी घेत चिरेपर्यंत आणत होते. बांध जेमतेम गाडीपुरता, दोन्हीकडे उतार. उलटी गाडी घेण्यात त्यांचा हात असा की मला मधेच वाटलं, डॉक्टरला काय कळतंय. मी चहाची किटली घेऊन आले होते. पुरुष चिरेतली पोकळ माती काढून जागा मोकळी करत होते, म्हणजे त्या घटकेला बांध अर्धा उघडाच होता.

खाली चिखलात उभा असलेला आमचा एक पुतण्या म्हणाला, “काकी, पानी येतंय. एवरं लवकर कसं?”

बघता बघता पाणी त्याच्या पोटऱ्यांना लागलं. लोकांनी वर बघून यांना हाक मारली. केबिनमधून उत्तर आलं, “येईल आनि जाईल.” पाणी जाईना. कडेची माती भिजून सुटायला लागली आणि गाडीचं मागचं चाक खाडीच्या अंगाला रुतलं. यांनी ॲक्सिलेटर दाबला. काळा धूर, आणि चाक जागच्या जागी फिरत आणखी खाली. पुन्हा दाबला. गाडी तिरकी झाली. मी किटली टाकली आणि खिडकीशी गेले.

“अहो, उतरा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे, बराच वेळ. मग मोठ्यानं विचारलं, “आज तिथी कोनती?”

कुणालाच माहीत नव्हती. एकानं चिखलाच्या हातानं मोबाइल काढला आणि हळू आवाजात म्हणाला, “पौर्णिमा हाय, काका.”

जमीन गेली तेव्हाचा त्यांचा चेहरा मला आठवतो, सासरे गेले तेव्हाचाही. त्या दिवशीचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. घाबरलेला होता. त्यांनी इंजिन तसंच चालू ठेवलं, खाली उतरले, बॉनेटला हात लावत पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आत बसले.

“तू चालव,” म्हणाले.

मी बसले. पाय क्लचपर्यंत जेमतेम पोचत होता. आता मात्र त्यांचा आवाज नेहमीचा झाला. मागचा फाळका उघडा, माल आहे तिथंच खाली टाका, अर्ध्या गोणी चिरेत, दोन चाकाखाली. माणसांनी भराभर हौदा रिकामा केला. मग मला म्हणाले, “दुसऱ्या गिअरला टाक. ॲक्सिलेटर देऊ नको. क्लच हलू सोड, ती स्वतः ओढते.” मी क्लच सोडत गेले. इंजिन गुदमरल्यासारखं थरथरलं, बंद पडणार असं वाटलं, आणि गाडी आपल्या मनानं चढून बांधाच्या मधोमध आली. मी सरळ वाडीच्या फाटकापर्यंत नेली, तिथं थांबवली आणि चक्क रडले. हे म्हणाले, “चांगली आनलीस.”

चीर गोणींनी बरीचशी बुजली होती. उरलेल्या जागी माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून चिखलाचे गोळे लावत राहिली, ओहोटी लागेपर्यंत. वालाच्या एका कोपऱ्यात खारं पाणी आलं, तळं वाचलं. दुपारचं जेवण संध्याकाळकडे झुकलं. पंगतीत हे उभे राहिले आणि म्हणाले, “माझी चूक झाली.” पलीकडच्या घरातली म्हातारी काकू वाढता वाढता म्हणाली, “तुजी एकल्याची कशी? कॅलेंडर सगल्यांच्या घरी हाय. बस खाली, भात थंड होतो.” लोक हसले. हेही हसले. गावाचं मी एरवी फारसं कौतुक करत नाही, पण त्या दिवशी मला ही माणसं फार जवळची वाटली.

घरी आल्यावर आंघोळ करून हे ओट्यावर बसले. मी शेजारी बसले. इतके महिने जे मला करवत नव्हतं ते त्यांनी स्वतः केलं. खिशातून चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटली.

“तुझ्याकडं ठेव. सकाळी तू चालवायची, मी बाजूला बसेन. मी मागितली तरी देऊ नको. भांडलो तरी देऊ नको.”

काही दिवस तसंच चाललं. मी गाडी शिकले, ते शेजारी बसून चुका काढत राहिले. मग एका सकाळी मी म्हशीचं दूध काढून आले तर हे घरभर काहीतरी शोधत होते. डबे उघडे, गादी उलटी.

“चावी कुठं हाय माझी?”

“माझ्याकडे. तुम्हीच दिलीत.”

“मी? मी कशाला देईन?” आवाज चढला. “माझ्या गाडीची चावी लपवतेस माझ्याच घरात? कोनी शिकवलं, पोरीनं?”

मी बांधाची, पौर्णिमेची आठवण करून दिली. त्यांना त्यातलं काहीही आठवत नव्हतं. मी खोटं बोलतेय असं त्यांना वाटत होतं, आणि ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती मला सहन होईना. चावी कमरेला खोचलेली होती. एकदा काढून हातात द्यावी, अंगणात तरी एक फेरी मारू द्यावी, असं फार वाटलं. मग ते विनवायला लागले. भांडण मला झेपतं. या माणसानं मला आयुष्यात कधी विनवलं नव्हतं.

मी दिली नाही. लग्न झाल्यापासून मी त्यांचं इतकं निमूटपणे कधीच ऐकलं नव्हतं.